धवल्यातली दोन नावे

पेण किंवा रोहे पाहण्यासाठी साताऱ्याहून मुद्दाम कोणी जात नाही. पेणला गणपतीच्या मूर्ती होतात आणि रोह्याला कारखाने आहेत, एवढे ज्ञान बहुतेकांना पुरते. मलाही पुरत होते. फेब्रुवारीत मी या दोन गावी गेलो तो नातीच्या कामासाठी. परतल्यावर ज्यांनी विचारले त्यांना "काम झाले" एवढेच सांगितले. ते खरे आहे. तरी त्यात बरेच सांगायचे राहते, म्हणून हे लिहीत आहे. लेखात दोन नावे मी गाळली आहेत. ज्यांची ती आहेत त्यांना ती पुरेशी ऐकावी लागली आहेत.

माझी नात अवनी गायिका आहे. तिच्या संगीताला इंडी-पॉप म्हणतात. म्हणजे कोणत्याही कंपनीचा आश्रय न घेता स्वतः रचायचे, स्वतः गायचे आणि ध्वनिमुद्रणही स्वतःच करायचे. पहिली गाणी तिने पुण्यातील भाड्याच्या खोलीत मुद्रित केली. आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून ती कपाटाचे दार उघडून आतल्या गोधड्यांकडे तोंड करून गात असे. मी ती सर्व ऐकली आहेत. शेजारच्या खोलीत कोणी स्वतःशी बोलावे तसे तिचे गाणे असते. सोबत गिटार, आणि पुष्कळदा उगाचच पावसाचा किंवा वाहनांचा आवाज. माझा कान मैफलींवर तयार झालेला. तिच्या बहुतेक गाण्यांविषयी मी मत देत नाही. 'दुपारचा मांडव' या गाण्याविषयी देतो. ते चांगले आहे.

ते गाणे अवनीच्या आवाजाने सुरू होत नाही. प्रथम एक वृद्ध स्त्री गाते. तिच्यामागून दोघी-तिघी तीच ओळ झेलतात. मग हळूच गिटार येते आणि बऱ्याच वेळाने अवनीचे शब्द. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर ती पेणजवळच्या खेड्यात लग्नाला गेली होती. तिकडच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण चालवते. ती प्रत्येक विधीचे गाणे म्हणते, त्यास धवला म्हणतात. हळदीच्या दुपारी ती म्हातारी गात असता अवनी शेजारी बसून गिटार वाजवू लागली. म्हातारीने तिला हसून मानेने रुकार दिला. मध्ये एकच मायक्रोफोन होता. दोघींचे आवाज त्यात असे मिसळले आहेत की पुढे कोणत्याही यंत्राने ते वेगळे होईनात.

धवल्यात नवरानवरीची नावे घेतात. हे अवनीला ठाऊक नव्हते. त्या जागी म्हातारीचा आवाज लांबतो आणि मागच्या बायका गप्प होतात, एवढेच तिला कळले आणि आवडले. देवांची नावे असतील असे ती धरून चालली.

गाणे पुष्कळ लोकांपर्यंत गेले. आता एक हौशी संस्था तिच्या निवडक गाण्यांची तबकडी काढणार आहे, जुन्या काळी असे तशी, आणि त्यात हे गाणे मध्यभागी होते. तेवढ्यात रोह्याहून एका बाईचा निरोप आला. "त्या गान्यात माझं नाव हाय. ते काढा." अवनीने फोन केले, ते उचलले गेले नाहीत. तिचे कार्यक्रम दक्षिणेत लागलेले. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जा. तुम्ही विचारलेत तर लोक खरे सांगतील." चाळीस वर्षे मी न्यायालयात नोकरी केली, लोक विचारल्यावर खरे सांगतात हा तिचा समज तेथला नव्हे. तरी गेलो. गाणे राहावे अशी माझीही इच्छा होती.

पेण

पेणला उतरलो तेव्हा दुपार होती. मूर्तींच्या कारखान्यांसमोर गणपती उन्हात वाळत होते, रंग न लावलेले, डोळे न काढलेले. आमच्याकडे गणपती म्हटला की तो भाद्रपदातला पाहुणा. येथे तो बारमाही रहिवासी आहे, आणि लोक त्याच्या रांगांमधून सायकली काढतात. लॉजच्या मालकाने खोलीची किल्ली देताना मूर्ती हवी आहे का, पापड हवेत का, पोहे हवेत का, असे क्रमाने विचारले. काहीच नको म्हटल्यावर मग आलात कशाला, असा चेहरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने त्या खेड्यात गेलो. पेणच्या पश्चिमेला खाडीच्या बाजूने जमीन सपाट आणि खारी होत जाते; तिला खारेपाट म्हणतात. भाताची शेते समुद्राच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली. बांध फुटला की शेत काही वर्षे गेले. चहूकडे पाणी दिसते, परंतु पिण्याचे पाणी टँकरने येते. साताऱ्याला आम्ही कोरड्या जमिनीविषयी तक्रार करतो. निदान आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे. येथे दारापर्यंत भरती येते आणि बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात.

धवलारणीचे नाव जनाबाई. गाव तिला माय म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी पोहोचलो तेव्हा ती ओटीवर खाटेवर टेकून बसली होती. डोळे तीक्ष्ण होते. मी नमस्कार केला. तिने माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिले. मी बूट काढले.

घर तिची सून रंजना चालवते. मुलगा कंपनीत, त्या दिवशी शिफ्टवर. मी कोण हे कळताच रंजनाने शेजारच्या बायांना हाक घातली आणि ओटी भरली. अवनीचे गुणगान सुरू झाले. "बाबा, तुमची नात लय गुनाची," रंजना म्हणाली. "मायचा आवाज गेला, पन तिनं धरून ठेवला. नायतर आमच्याकडं काय उरलं असतं?"

मी नाव काढण्याचा विषय काढणार, तोच जेवायला वाढले. तांदळाच्या भाकऱ्या पातळ आणि पांढऱ्याशुभ्र होत्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे त्या मला पोरखेळ वाटत, पण दोन खाल्ल्या. सोबत वांग्याची भाजी होती. मी शाकाहारी आहे हे आधीच सांगितले होते आणि रंजनाने ते मान्यही केले होते. भाजी उत्तम होती. निम्मी संपल्यावर तीत काही बारीक, वाकडे दिसले. हे काय, असे विचारले.

"जवला."

म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. हा मासाच नव्हे काय, असे मी म्हटले.

"मासा कसा व्हईल? मासा काय असा असतो?" रंजना म्हणाली. "जवला मीठमिरचीवानी. नाय घातला तर भाजीला चव कशी येनार?" शेजारणी माझ्याकडे करुणेने पाहू लागल्या. न्यायालयात अशा युक्तिवादावर मी काही बोललो असतो. येथे उरलेली भाजी संपवली. पहिला गुन्हा अजाणता झाला होता, दुसरा शिष्टाचारापोटी.

जेवणानंतर रंजनाने मोबाइलवर ते गाणे लावले. रोज दुपारी लावते, माय त्याशिवाय झोपत नाही. ओटीवर सर्व गप्प झाल्या. मी हे गाणे साताऱ्याच्या माझ्या खोलीत अनेकदा ऐकले होते. गाणारी समोर बसलेली असताना प्रथमच ऐकत होतो. म्हातारी डोळे मिटून होती. नावांची जागा आली तेव्हा तिने डोळे उघडले आणि धडधाकट असलेला डावा हात हळूच छातीपर्यंत उचलला. पंजा उघडा. तशीच राहिली. नावे होऊन गेली, मागच्या बायांनी ओळ उचलली, तेव्हा हात मांडीवर पडला.

"आशीर्वाद देते," रंजना हळू आवाजात म्हणाली. "दर येली देते, त्याच जागी."

नंतर जे कळले त्याची मला कल्पना नव्हती. माय आजारी पडल्यापासून त्या गावात धवला म्हणणारे कोणी उरले नाही. मागून झेलणाऱ्या बायांना ओळी येतात, पण पुढे होऊन विधी चालवण्याचा अधिकार त्यांचा नाही आणि धीरही नाही. म्हणून गावात कोणाचेही लग्न असो, हळदीला ध्वनिवर्धकावर अवनीचे गाणे लावतात. मग पुढचा धांगडधिंगा. अवनीने कपाटात गोधड्यांसमोर जुळवलेले ते गाणे येथे पौरोहित्य करते.

"पण त्यात नावे दुसऱ्यांची आहेत," मी म्हटले.

"नावं काय, कोन ऐकतंय? चाल मायची हाय ना."

"जिचे नाव आहे, ती ऐकते. तिने मला बोलावले आहे, असे समजा."

मग ओटीवरच सारे कळले. ती मुलगी जनाबाईच्या भावाची, म्हणजे जनाबाईची भाची. त्याच आळीत वाढलेली. मीही तिला येथे भाचीच म्हणतो. तिचे ते लग्न दोन वर्षांत मोडले. का मोडले ते मी विचारले नाही. नंतर तिने रोह्याला दुसरे लग्न केले. तेव्हापासून गावातल्या एकाही लग्नाला ती आलेली नाही. "मान मोठा झालाय तिचा," एक शेजारीण म्हणाली. दुसरी म्हणाली, "नवरा सोडला न मायेर पन सोडलं." निघताना रंजनाने माझ्या पिशवीत पोह्यांचे पापड घातले आणि म्हणाली, "तिला सांगा, आम्ही गानं बंद केलं तर माय झोपनार नाय. तिची पन आत्याच हाय ना ती."

निडी

पेणहून रोह्याला सकाळच्या गाडीने निघालो. डबा अर्धा रिकामा होता. कासू मागे पडल्यावर टेकड्या जवळ येतात, नागोठण्यानंतर आणखी. भात निघालेल्या शेतांत वाल उभा होता. पाणी न देता, केवळ जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर हे पीक येते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

निडीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबवली. मी कानात यंत्र घालून ते गाणे पुन्हा ऐकावे म्हटले. यंत्राची तार नीट बसली नव्हती. धवला डब्यात मोठ्याने सुरू झाला. तो बंद कसा करावा ते मला कळेना, आणि समोरच्या बाकावरचे गृहस्थ हसू लागले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, मांडीवर कापडात बांधलेला डबा. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. पण गाणे बंद केले नाही. शेवटपर्यंत ऐकून मग परत दिला.

त्यांचे नाव इस्माईलभाई. घराणे पिढ्यान्पिढ्यांचे तांदळाचे व्यापारी. स्वतः मस्कतला बरीच वर्षे नोकरी करून आता गावी शेती पाहतात. त्यांनी डबा उघडून मला सांदण दिले. खात्री करून घ्यावी असे वाटले, पण त्यात तांदूळ, नारळ आणि गूळ याखेरीज काही नव्हते. मस्कतला ते राहत त्या खोलीत रत्नागिरीपासून पनवेलपर्यंतच्या गावांची मुले असत, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. शुक्रवारी सुट्टी. दुपारी जेवण झाले की कोणीतरी हे गाणे लावी.

"आमच्यात लग्नाला अशी गाणी नाय," ते म्हणाले. "पण शेजारच्या आळीत लहानपणी ऐकलेली. तिकडे वाळवंटात हा आवाज आला का समदे गप. एक पोरगा तर रडायचाच. आम्ही त्याची टिंगल करायचो, मग स्वतः तोंड फिरवून बसायचो."

मग त्यांनी ती दोन्ही नावे घेतली. उच्चार अचूक होता. "हे नवरानवरी कुठं असतील हो? आम्ही त्यांना दुआ द्यायचो, शुक्रवारचा दिवस म्हणून. खुशाल असतील ना?"

समोरून येणारी गाडी मोठ्या आवाजाने निघून गेली. रोह्याला उतरताना त्यांनी माझी पिशवी खाली उतरवून दिली. त्या भल्या माणसाला मी काय सांगणार होतो?

रोहे

भाचीचे घर कुंडलिका नदीपासून फार दूर नाही. खाली गाळा, वर दोन खोल्या. ती ब्लाउज शिवते. दारात उभी राहून तिने मला पाहिले आणि विचारले, "गानेवालीचे आजोबा?" मी होय म्हटले. "ती स्वतः नाय आली?" नाही म्हटले. तिने शिलाई यंत्रावरचे कापड बाजूला केले आणि मला खुर्ची दिली. चहा आला.

अवनीने सुचवलेले उपाय मी एकेक करून मांडले. नावांच्या जागी आवाज बंद करता येईल; अवनीने करून पाहिले होते, पण गिटारही त्याबरोबर जाते आणि गाण्यात भोक पडते. भाची म्हणाली, भोक पडले तरी गावच्या लोकांना नावे पाठ आहेत, ते मोठ्याने म्हणतील. हे खरे होते. इस्माईलभाईंनाही पाठ होती.

तिचा राग अवनीवर आहे असे मी समजून चाललो होतो. तसे नव्हते. अवनी हळदीला आली होती, लहान मुलांत बसून जेवली होती. तिला ती चांगली आठवत होती. "तिनं आत्याला इचारलं. आत्या हो बोलली. मला कोन इचारनार? मी अंगाला हळद लावून बसलेली." पहिल्या वर्षी ते गाणे ऐकून तिला आनंदच झाला होता. नंतर घर मोडले. तरी गाणे मोबाइलमध्ये होते, मोबाइल बंद ठेवता येई. मग आत्या आजारी पडली आणि गाणे मांडवात गेले. चुलतबहिणीच्या हळदीला ती गेली होती. पाटावर चुलतबहीण, आणि ध्वनिवर्धकावर हिचे नाव, पहिल्या नवऱ्याच्या नावासह. ती उठून मागच्या दाराने बाहेर पडली. पुन्हा कोणत्याही लग्नाला गेली नाही.

"आता भावाचं लगीन हाय," ती म्हणाली. "सख्ख्या. पुढल्या महिन्यात. मी मोठी बहीन, मी नाय गेली तर कसं दिसंल? आनि गेली तर त्याच्या मांडवात त्याचं नाव नाय वाजनार. माझं वाजनार. त्या मानसासंगं."

मी विचारले, तिच्या दुसऱ्या लग्नाला धवला कोणी म्हटला. ती पहिल्यांदा हसली.

"दुसऱ्या येली धवला नाय म्हनत आमच्यात. कोर्टात सह्या केल्या. दोन हार. बस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "म्हंजे गान्याच्या हिशोबानं मी अजून तिकडंच हाय."

उगाच काही बोलावे म्हणून मी तिला आत्याची हकीकत सांगितली. खाट, दुपारचे गाणे, नावांच्या जागी उचललेला हात. रंजनाच्या म्हणण्याप्रमाणे तो आशीर्वाद आहे, असेही सांगितले. भाचीने हातातली कात्री खाली ठेवली.

"कुठला हात? कसा?"

मी करून दाखवला.

"आशीर्वाद नाय तो." तिचा आवाज बदलला होता. "मी ल्हानपनी आत्याच्या मागं बसायची, झेलायला. नाव यायच्या आदी ती हात वर करायची. म्हंजे मागच्यांनी गप ऱ्हायचं, नाव ती एकटी घेनार. तुमी चुकून मधी बोललात तर चापट बसायची." ती माझ्या हाताकडे पाहत होती, मी तो अजून वर धरला होता. "ती आशीर्वाद देत नाय, बाबा. ती नाव घ्यायला निघते."

मी हात खाली घेतला. दोन वर्षे रोज दुपारी त्या ओटीवर ती म्हातारी मागच्या बायांना गप्प करत होती. त्या गप्पही होत होत्या. नाव मात्र तिच्या ऐवजी मोबाइल घेत होता, आणि चुकीचे घेत होता.

मग मी एक प्रस्ताव मांडला, जो अवनीचा नव्हता, माझा होता. भाचीने आत्याच्या मागे बसून हे सर्व शिकले आहे. नावांच्या जागी तिने देवादिकांची नावे गाऊन द्यावीत. अवनी ती बसवील. गाणे राहील, आत्याचा आवाज राहील, मांडवात कोणाचेही नाव वाजणार नाही. मला तो तोडगा निर्दोष वाटला.

"लगीन नसताना धवला म्हनत नाय," ती म्हणाली. "आनि म्हनायचाच झाला, तर दुसऱ्याच्या मांडवात माझा, लगीन मोडलेलीचा, आवाज चालंल का? मला तरी कोन चालवून घेनार?" तिने कापड पुन्हा यंत्रावर घेतले. "काढून टाका, बाबा. समदंच काढा. तुमच्या नातीला सांगा, तिचं वाईट नाय चिंतत मी."

जेवायला थांबा असा आग्रह तिने केला आणि मी थांबलो. वालाचे बिरडे आणि भात. सोलायला वेळ लागतो, चवीत किंचित कडूपणा असतो. आमच्या घेवड्याला हा गुण नाही. मी पुन्हा मागून घेतले. मग लक्षात आले की तिने स्वतः फारसे खाल्ले नव्हते.

कोलाड

तिचा नवरा पहिली पाळी करून आला आणि मला कोलाडपर्यंत स्कूटरवर सोडतो म्हणाला. हसरा माणूस. वाटेत वालाच्या शेतांवरून वारा येत होता आणि तो मान मागे वळवून बोलत होता, हे मला पसंत नव्हते. महामार्गावरच्या एका धाब्यावर आम्ही चहा घेतला. मी विचारले, त्या गाण्याचा त्यास त्रास होतो काय.

"मला कशाला त्रास? नाव माझं असतं तर झाला असता," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "एक सांगू? ती ऐकते ते. मी शिफ्टला गेलो का लावते. शेजारीन बोलली मला. मी काय बोलत नाय. आत्येचा आवाज हाय, कुनाला नको वाटंल?"

"मग काढा का म्हणते?"

"तुमीच बगा आता," तो म्हणाला. "मी कंपनीत मशीन चालवतो. मला हे कलत नाय."

पेणकडे जाणारी बस दिसू लागली तेव्हा त्याने माझ्या पाया पडण्याचा प्रयत्न केला. रहदारीत वाकू नये, असे मी त्यास सांगितले.

बसमध्ये मी विचार केला. जे मनुष्य समोर बसून, विचारल्यावर, स्वच्छ शब्दांत सांगतो ते त्याचे म्हणणे. बंद दाराआड तो काय करतो हा त्याचा खासगी प्रश्न. तो पुरावा म्हणून पुढे आणता येत नाही. माझ्या सर्व नोकरीत मी हे तत्त्व पाळले. नियमाने विचार केल्यास निर्णय अवघड नव्हता. पेण येईपर्यंत मी तो चार वेळा घेतला.

पुन्हा खारेपाट

दुसऱ्या सकाळी पुन्हा त्या ओटीवर गेलो. या वेळी बूट आधीच काढले. रंजनाला भाचीचे म्हणणे आणि हाताची गोष्ट सांगितली. तिने दोनदा विचारले, "भाची बोलली असं?" मग ती सासूकडे बघत राहिली. सासू तिच्याकडे.

रंजनाने गाणे लावले. हात उठला तेव्हा तिने मोबाइल बंद केला आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावे तसे, भाचीच्या भावाचे आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचे नाव सांगितले. म्हातारीचे ओठ हलले. घशातून एक आवाज आला, ज्याला शब्द म्हणता आले नसते. हात तसाच वर राहिला. शेवटी रंजनाने तो आपल्या हातात घेऊन खाली ठेवला.

"मांडवात नाय लावनार," ती मला म्हणाली. "पन मग लगीन मुकं व्हनार, बाबा." मी म्हटले, होईल. तिने पदराने तोंड पुसले. "व्हऊ दे."

सातारा

घरी येऊन मी अवनीला सर्व सांगितले, स्कूटरवाल्याचे बोलणेही. माझे मत विचारले, तेव्हा काढ म्हणालो. ती म्हणाली की तिने आजवर जे काही केले त्यात ते एकच गाणे तिला स्वतःचे वाटत नव्हते, म्हणून आवडत होते. त्याच आठवड्यात तिने ते सर्व ठिकाणांहून काढले. तबकडीत त्या जागी दुसरे गाणे घातले आहे. मी ते ऐकले. त्याविषयी मत देत नाही. मस्कतच्या त्या खोलीत आता शुक्रवारी काय लावतात ते मला माहीत नाही.

मार्चअखेर एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती भावाच्या लग्नाला गेली होती. हळद लावली तेव्हा कोणी काही म्हटले नाही, काही वाजलेही नाही. सगळे पटकन आटोपले आणि लगेच मोठे स्पीकर सुरू झाले. एक काकू तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की हिच्यापायी लगीन मुकं झालं. ती शेवटपर्यंत थांबली. आत्याजवळ बसली, तिला भरवले. हे सर्व तिने क्रमाने सांगितले.

"ते गानं समदीकडनं गेलं ना?" तिने विचारले.

गेले, असे मी सांगितले. मूळ ध्वनिमुद्रण अवनीकडे आहे. हवे असल्यास तिला एकटीला पाठवता येईल, असेही म्हणालो.

"नको." मागे शिलाई यंत्र चालू होते; ते थांबले. "नका पाठवू. पन तिला सांगा, पुसू पन नका."

मी तसे कळवले. अवनीने ते ठेवले आहे. कोणी ऐकत नाही.